सेंट्रल लाइनसाठी सोनोग्राफी मशीन : तीन वर्षं वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात हडपसरहून एका मैत्रिणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा वीस खाटांचं हॉस्पिटल चालवतात, आता पाच खाटांचा आयसीयू सुरू करताहेत. तिने सरळ विचारलं, "सेंट्रल लाइन टाकायला आयसीयूत वेगळं सोनोग्राफी मशीन घेऊ का गं? खाली रेडिओलॉजीत एक आहेच. हा म्हणतो, तेवढ्या पैशात अजून एक व्हेंटिलेटर येईल."

फोनवर अर्धा तास बोलूनही सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहिते. मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यात सव्वीस वर्षं काम करते. सिंहगड रस्त्यावरच्या एका तीस खाटांच्या हॉस्पिटलच्या आयसीयूतल्या बहुतेक सेंट्रल लाइन मीच टाकते. आमचं मशीन २०२२ च्या पावसाळ्यात आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच प्रकारच्या तीन-चार मशिनांवर मी काम केलंय आणि पुढे जे सांगणार आहे ते कमीअधिक सगळ्यांना लागू आहे.

ज्यांच्या घरचं कुणी आयसीयूत राहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हातातल्या शिरेत सलाइन लावतात तशी सेंट्रल लाइन ही साधी सुई नसते. मान, गळपट्टीचं हाड किंवा जांघ यांपैकी एका ठिकाणच्या मोठ्या शिरेतून पंधरा-वीस सेंटिमीटर लांब नळी आत सरकवायची. मानेतून किंवा गळपट्टीखालून घातली तर तिचं टोक हृदयाच्या अगदी तोंडाशी येतं. बीपी धरून ठेवणारी जहाल औषधं हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देता येत नाहीत, शीर फुटली तर आजूबाजूची कातडी काळी पडते. म्हणून सेंट्रल लाइन. तातडीचं डायलिसिस करायचं असेल तर याच जागी जास्त जाड नळी लागते. उजव्या बाजूची मानेतली शीर, म्हणजे इंटर्नल ज्युग्युलर, आम्हाला सगळ्यांत आवडते कारण ती तिथून जवळपास सरळ रेषेत खाली उतरते. अडचण तिच्या शेजाराची. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी तिला खेटून असते आणि खाली फुप्फुसाचं टोक असतं.

आम्ही शिकलो ते हाताने. मानेच्या स्नायूच्या दोन फांद्या आणि खालचं हाड यांच्यामधला त्रिकोण शोधायचा, डाव्या हाताच्या बोटांखाली कॅरोटिडचे ठोके धरून ठेवायचे, त्यांच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचायची आणि त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या रोखाने सिरिंज ओढत ओढत आत जायचं. काळसर रक्त आलं की शीर मिळाली. तिथून पुढे सेल्डिंगर या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने १९५३ साली मांडलेली पद्धत : सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून डायलेटर (वाट रुंद करणारी कडक नळी), मग तारेवरून नळी. तो भाग आजही तसाच आहे. बदलला तो पहिल्या सुईचा प्रवास. याला आम्ही 'ब्लाइंड' म्हणायचो आणि त्या शब्दात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

मी अशा शेकडो लाइन टाकल्या. बहुतेक पहिल्या-दुसऱ्या टोचण्यात गेल्या. पण एक रात्र सांगते, कारण मशीनबद्दलचं माझं मत तिथून सुरू होतं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, हॉस्पिटल दुसरं. सत्तरीच्या आजी, न्यूमोनिया, बीपी सत्तरच्या घरात. मान आखूड आणि भरलेली, त्रिकोण बोटांना लागतच नव्हता. पहिल्यांदा काही आलं नाही, दुसऱ्यांदा काही आलं नाही. तिसऱ्यांदा रक्त आलं. बीपी इतकं पडलेलं होतं आणि ऑक्सिजन इतका कमी होता की धमनीचं रक्तसुद्धा काळपट, संथ आलं. मी तार घालणार एवढ्यात सिरिंजमध्ये हलका ठोका जाणवला आणि हात थांबला. सुई काढली, पंधरा मिनिटं दाबून धरलं. तरीही तासाभरात मानेवर लिंबाएवढी गाठ आली, मग मोसंब्याएवढी, आणि श्वासनलिका एका बाजूला ढकलली जायला लागली. पहाटे चारला त्यांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली. पाच दिवस त्या व्हेंटिलेटरवर होत्या, त्यातले निदान तीन माझ्या सुईमुळे. त्या घरी गेल्या. जाताना त्यांच्या मुलीने गळ्यावरच्या जांभळ्या-पिवळ्या डागाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशानं झालं हो?" मी जे झालं ते सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. तो डाग मला अजून दिसतो.

हे टाळण्याचं साधन तेव्हा जगात होतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००२ मध्येच सांगितलं होतं की मानेतली लाइन ठरवून टाकायची असेल तर सोनोग्राफीने बघून टाकावी. २००६ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या ९०० रुग्णांवरचा अभ्यास छापला : निम्म्यांना बघून, निम्म्यांना हाताच्या अंदाजाने. अंदाजाच्या गटात कॅरोटिडला सुई लागली १०.६ टक्के रुग्णांना, बघून टाकलेल्या गटात १.१ टक्क्यांना. फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरण्याचे प्रकार २.४ टक्के विरुद्ध एकही नाही. हे आकडे मी वाचले होते, कॉन्फरन्समध्ये ऐकले होते, आणि तरी त्यानंतर कितीतरी वर्षं ब्लाइंडच टाकत राहिले, कारण मी जिथे जिथे काम करत होते तिथे मशीन एक तर नव्हतं, नाही तर मला रात्री मिळत नव्हतं.

आता मशीनकडे येते.

आमचं मशीन लॅपटॉपएवढं आहे, चाकांच्या स्टँडवर. सोबत दोन प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवून चित्र घेणारे भाग, आले : पोट आणि हृदय बघायला बाकदार, आणि शिरांसाठी सपाट तोंडाचा लिनिअर. मैत्रिणीला पहिली गोष्ट हीच सांगितली की तुला जो लागणार आहे तो लिनिअर प्रोब. त्याच्या लहरींची वारंवारता जास्त असते, त्या खोल जात नाहीत, पण वरच्या तीन-चार सेंटिमीटरमधलं चित्र स्वच्छ येतं. मानेतली शीर बहुतेकांच्यात कातडीखाली एक-दीड सेंटिमीटरवरच असते. खालच्या रेडिओलॉजीत लिनिअर प्रोब असेल तरी तो रात्री दोनला तिसऱ्या मजल्यावर येणार आहे का, हा खरा प्रश्न.

सुरू व्हायला आमच्या मशीनला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागतो. हे महत्त्वाचं आहे. ज्याला पाच मिनिटं लागतात त्याच्यासाठी रात्री कुणी थांबत नाही.

पहिल्यांदा स्क्रीनवर स्वतः मान बघितली तेव्हा मला कसं वाटलं ते सांगणं कठीण आहे. इतकी वर्षं जी शीर मी मनात रंगवत होते ती तिथे होती. काळा, जरासा लंबगोल, श्वासाबरोबर लहानमोठा होणारा ठिपका, आणि त्याच्या आतल्या बाजूला गोल, ठोके मारणारी कॅरोटिड. प्रोब हलकेच दाबला की शीर कागदासारखी मिटते, धमनी मिटत नाही. एवढी एक खूण आली की निम्मं काम झालं. मग मी आरएमओंच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या, माना बघितल्या, सिस्टरांच्या बघितल्या, आमच्या वॉर्डातल्या मामांची बघितली. कुणाची शीर धमनीच्या बाजूला, कुणाची अगदी वर चढून बसलेली, एकीची उजवीकडे ठणठणीत आणि डावीकडे पेन्सिलीच्या शिशाएवढी. मान फार वळवली की शीर धमनीच्या डोक्यावर सरकते, हेही तिथेच दिसलं. आम्हाला शिकवलं होतं की मान चांगली वळवून घ्या. म्हणजे किती वेळा आम्हीच धमनीला सुईच्या वाटेत आणून ठेवली असेल.

डायलिसिसच्या जुन्या रुग्णांमध्ये याचा उपयोग आणखी वेगळा. आधी दोन-तीनदा लाइन झालेल्या रुग्णाची शीर पुष्कळदा गुठळीने भरलेली असते. दाबून मिटत नाही, आत करडं काहीतरी दिसतं. तिथे टोचायचंच नाही. पूर्वी अशा रुग्णाला पाच-सहा वेळा टोचून मग आम्ही म्हणायचो, "शीर मिळत नाहीये." आता प्रोब ठेवल्यावर दहा सेकंदात कळतं आणि दुसऱ्या बाजूला जाता येतं. पावसाळ्यानंतर डेंगीचे रुग्ण येतात, प्लेटलेट पंधरा-वीस हजारांवर, टोचेल तिथे रक्त थांबत नाही. अशांना लाइन लागलीच तर एकाच टोचण्यात, नेमक्या जागी आणि जिथे दाबता येतं तिथेच गेली पाहिजे.

पण मशीनने मला पुरतं जिंकलं ते २०२५ च्या जानेवारीत. आमच्या भागातल्यांना आठवत असेल. किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला, धायरी इथून जुलाब होऊन गेल्यावर पाय लुळे पडलेले रुग्ण यायला लागले. गिया बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार. हे नाव तोवर आम्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी उच्चारत होतो, त्या महिन्यात भाजीवाल्याच्या तोंडी आलं. पुण्यात आणि आसपास मिळून दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले. दूषित पाण्याकडे बोट होतं, तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. उपचार दोन : इम्युनोग्लोब्युलिनची (प्रतिकारद्रव्यांची) महागडी इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलणं. प्लाझ्मा बदलायचा तर डायलिसिसवाली जाड नळी हवी आणि ती एकाआड एक दिवस असे चार-पाच वेळा वापरायची म्हणून नीट बसलेली हवी.

या रुग्णांची गंमत नाही, पंचाईत अशी की ते आडवे झोपू शकत नाहीत. श्वासाचे स्नायू दमलेले, लाळ गिळता येत नाही, डोकं खाली केलं की गुदमरतात. आणि ब्लाइंड लाइन टाकायची म्हणजे डोकं खाली करणं भागच, तेव्हा कुठे शीर फुगून सुईला सापडते. शिवाय नाडी आणि बीपी घटकेत वर, घटकेत खाली.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. आदल्या दिवशी काठी धरून चालत आली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी हात उशीवरून उचलत नव्हता. आई दाराशी. मानेत जाड सुई म्हटल्यावर तिने माझा हात धरला. "मॅडम, मानेतनं नको हो. काही झालं तर?" मी तिला आत घेतलं, मुलीच्या मानेवर प्रोब ठेवला आणि स्क्रीन दाखवला. "ताई, हा काळा गोल दिसतोय? मी दाबते, बघा, चपटा झाला. ही शीर. आणि हा शेजारी उडतोय ना, ही धमनी. हिला मला हात लावायचा नाहीये, आणि ती कुठे आहे ते मला सगळा वेळ दिसणार आहे." आईने खाली वाकून नीट बघितलं. मग मुलीला म्हणाली, "बघ गं, दिसतंय सगळं त्यांना." आणि सही केली.

मुलीला आम्ही जवळजवळ अर्धं बसवलेलं ठेवलं. त्या स्थितीतही शीर पुरेशी भरलेली होती, ते स्क्रीनवर दिसत होतं म्हणून डोकं खाली करावं लागलं नाही. एका टोचण्यात काम झालं. तिचे पाच प्लाझ्मा बदल त्याच लाइनवर झाले. मार्चमध्ये ती वॉकर घेऊन दाखवायला आली.

आता जे कमी लोक सांगतात ते. मशीन शीर दाखवतं. सुईचं टोक तुमचं तुम्हाला शोधावं लागतं. प्रोब आडवा धरला की शीर गोल दिसते आणि सुई म्हणजे एक पांढरा ठिपका. तो ठिपका टोकाचा आहे की सुईच्या मधल्या दांड्याचा हे चित्र सांगत नाही. आमच्या एका हुशार आरएमओने ठिपका शिरेच्या मधोमध बघितला, रक्त का येत नाही म्हणून सुई पुढे नेत राहिला. टोक शिरेच्या मागच्या भिंतीतून केव्हाच बाहेर गेलं होतं. मी हात धरून थांबवलं. त्याने काही वाईट केलं नव्हतं, त्याला ठिपक्याचा अर्थ कुणी शिकवला नव्हता. उपाय सोपा पण सरावाचा : सुई थोडी पुढे, मग प्रोब थोडा पुढे, ठिपका नाहीसा झाला की टोक इथे आहे हे समजायचं, पुन्हा सुई पुढे. प्रोब उभा धरला तर पूर्ण सुई रेघेसारखी दिसते, पण आखूड मानेत तेवढी जागा मिळत नाही आणि प्रोब जरा तिरपा झाला की शिरेऐवजी शेजारची धमनी समोर येते.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यावर मी आमच्याकडे अजिबात सूट देत नाही. तार घातल्यावर, डायलेटर घालण्याआधी, पुन्हा प्रोब ठेवायचा. आडवा बघायचा, उभा बघायचा, तार शिरेच्या पोकळीतून खाली हृदयाकडे जाताना दिसली पाहिजे. बारीक सुई धमनीत गेली तर बहुतेक वेळा दाबून निभावतं. डायलेटर धमनीत गेला तर ती आपत्ती आहे, तो उपसून काढायचासुद्धा नाही, तसाच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं. हे बघायला पाव मिनिट लागतं. त्या आजींच्या रात्री माझ्याकडे ही पाव मिनिटाची सोय असती तर मला सिरिंजमधल्या ठोक्याच्या भरवशावर राहावं लागलं नसतं.

बारीकसारीक पण रोजचं : मशीन पेशंटच्या उजव्या कमरेशी उभं करायचं, म्हणजे उशाशी उभं राहून मान, सुई आणि स्क्रीन एकाच सरळ नजरेत येतात. आपल्या डाव्या खांद्यामागे ठेवलं तर आपली मान वळते आणि मान वळली की हात वळतो. प्रोबच्या एका कडेला बोटाने टकटक करून बघायचं, स्क्रीनवर त्याच बाजूला हललं पाहिजे. उलटं धरलं तर सुई डावीकडे नेताना उजवीकडे जाताना दिसते आणि घाईत माणूस गोंधळतो. चित्राची खोली चार सेंटिमीटरच्या आत. मोठा दिवा बंद, टोचायच्या जागेपुरता छोटा दिवा सुरू.

मशीनमुळे जंतुसंसर्ग आपोआप कमी होत नाही, उलट निष्काळजीपणा केला तर वाढेल. एक जास्तीची वस्तू निर्जंतुक जागेत येते. प्रोबवर लांब निर्जंतुक कव्हर हवं, वायरसकट, आणि आतबाहेर दोन्हीकडे निर्जंतुक जेली. काही ठिकाणी मी साधी बाटलीतली जेली मानेवर ओतताना बघितली आहे, ते बघवत नाही. कव्हरचा खर्च वाचवायला हातमोज्यात प्रोब घालतात. मोजा निर्जंतुक असला तरी वायर उघडी राहते आणि ती सगळ्या चादरीवरून फिरते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, पूर्ण गाउन आणि मोठी चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी पुसणं, शक्यतो जांघ टाळणं आणि गरज संपली की लाइन काढणं, एवढ्या पाच गोष्टी नेमाने केल्या आणि लाइनचे संसर्ग प्रचंड घटले, हे २००६ मध्ये छापून आलं. त्यातली एकही गोष्ट मशीन तुमच्यासाठी करत नाही. शेवटची तर सगळ्यांत जास्त विसरली जाते, म्हणून आमच्या सिस्टर राउंडला रोज मला विचारतात, "मॅडम, दोन नंबरची लाइन अजून लागते का?"

छातीचा एक्सरे अजून काढावाच लागतो, टोक नेमकं कुठे आहे ते बघायला. फुप्फुसातून हवा गळतेय का हे मात्र तिथल्या तिथे प्रोब छातीवर ठेवून कळतं. गळपट्टीखालच्या शिरेला मशीन तितकं मदत करत नाही, हाडाची सावली मध्ये येते, जरा बाहेर काखेकडे सरकावं लागतं. मी ती क्वचितच टाकते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तक्रारीही आहेत. मशीनवर पारदर्शक प्लॅस्टिक घातलं की टचस्क्रीन नीट ऐकत नाही, ऐन वेळी चित्राची खोली बदलायला दुसऱ्याला सांगावं लागतं. साधी बटणं असलेलं मशीन मिळालं तर ते घ्या. बॅटरी दोन तास चालेल असं सांगितलं होतं, दीड वर्षाने वीस-पंचवीस मिनिटांवर आली. आणि सर्वांत मोठा फटका : प्रोबच्या तोंडावरचा मऊ रबरी थर स्पिरिटने पुसून पुसून तडकला. चूक आमची म्हणावी तर मशीन बसवायला आलेल्या माणसाने स्पिरिट वापरू नका हे सांगितलंच नव्हतं, ते पुस्तिकेत मागच्या पानावर होतं. प्रोब दुरुस्तीला गेला तो पाच आठवडे आला नाही आणि तोवर दुसरा दिला नाही. ते पाच आठवडे मी पुन्हा ब्लाइंड टाकत होते. सव्वीस वर्षांचा हात होता, पण आता बघून टाकायची सवय झालेली, प्रत्येक टोचण्याआधी छातीत धडधडायचं. म्हणून देखभालीच्या करारात लिहून घ्या : प्रोब गेला तर अमुक दिवसांत बदली प्रोब मिळेल. तोंडी आश्वासन नको.

आता कायद्याचं. यावर मला अनेकांनी विचारलंय, विशेषतः माझ्यासारख्या हॉस्पिटल-हॉस्पिटल फिरणाऱ्या भूलतज्ज्ञांनी. हाताच्या पंजात मावणारे, मोबाइलला जोडायचे प्रोब आता मिळतात. पर्समध्ये घालून फिरावं असं कुणालाही वाटेल. ते करता येत नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंधाचा १९९४ चा कायदा मशीन कशासाठी घेतलं हे विचारत नाही, त्याने काय दिसू शकतं हे विचारतो. ज्याने गर्भ दिसू शकतो ते प्रत्येक मशीन नोंदवलेलं हवं, नोंदवलेल्या जागीच हवं, चालवणाऱ्यांची नोंद हवी. पोर्टेबल मशीन असलं तरी ते त्याच जागेतल्या दाखल रुग्णांसाठी. रात्री बिबवेवाडीत लाइन टाकून तेच मशीन स्कूटरवर वारज्याला न्यायचं, हे बेकायदा आहे. आमच्या आयसीयूच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक आहे, जिथे गरोदर बाई क्वचितच येते तिथे. नातेवाईक त्याकडे बघून गोंधळतात.

मला हे जाचक वाटत नाही. असा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, आणि तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. ज्या यंत्राने माझ्या पेशंटची मान वाचते त्याच यंत्राने हे झालंय. तेव्हा रजिस्टर भरायला लागणारी पाच मिनिटं मी मनापासून भरते.

पण कायद्याच्या भीतीने मशीन कपाटात कुलूपबंद ठेवणं हे वेगळं. एका हॉस्पिटलात मला रात्री बोलावलं होतं. मशीन होतं, नोंदलेलं, उत्तम. किल्ली मोठ्या सरांकडे, सर गावाला. सिस्टर बिचाऱ्या फोन लावत राहिल्या. मी लाइन शेवटी जांघेतून टाकली, हाताच्या अंदाजाने. कुलूप ही त्या हॉस्पिटलची स्वतःची व्यवस्था होती. नोंदणी, फलक, नावं, रजिस्टर हे चोख ठेवा आणि मशीन आयसीयूच्या आत, नजरेसमोर, चार्जिंगला लावलेलं ठेवा.

याच कारणासाठी मैत्रिणीला म्हटलं, खालचं मशीन पुरणार नाही. तीनदा टोचून झाल्यावर "मशीन मागवा" म्हणायचं तर त्याचा निम्मा फायदा गेला. तोवर मानेत रक्त साचलेलं असतं, शीर दबलेली असते आणि चित्रही गढूळ येतं. पहिल्या टोचण्याच्या आधी ते पेशंटजवळ असायला हवं. व्हेंटिलेटर आधी की हे, यावर मी तिला सांगितलं की तुझ्या आयसीयूत दोन व्हेंटिलेटर असतील तर तिसऱ्याच्या आधी हे घे. एकच असेल तर आधी दुसरा व्हेंटिलेटर घे आणि सहा महिन्यांत हे. सगळ्यांत महागडं घेऊ नको. हृदयाचे सतरा हिशेब करून देणारं सॉफ्टवेअर तुझ्याकडे कुणी वापरणार नाही. तेच पैसे दुसऱ्या लिनिअर प्रोबवर आणि कव्हरांवर घाल.

आणि सरावावर घाल, त्याला तर पैसेही लागत नाहीत. आम्ही डब्यात जिलेटिन लावतो, त्यात दोन चमचे इसबगोल घालतो म्हणजे स्क्रीनवर मांसासारखं करडं दिसतं, आणि मधून पाणी भरलेली मऊ रबरी नळी नेतो. ती शीर. शेजारी कडक प्लॅस्टिकची नळी, ती धमनी. नवीन आरएमओने त्यावर सुईचं टोक सलग वीस वेळा मला स्क्रीनवर दाखवल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. शिरेच्या मागच्या भिंतीतून सुई नेणारा तो आमचा आरएमओ आता हा डबा स्वतः लावतो. रविवारी मैत्रीण तिच्या दोन आरएमओंना घेऊन येणार आहे. शनिवारी रात्रीच जिलेटिन लावून फ्रिजमध्ये ठेवायला त्याला सांगून ठेवलंय, सकाळपर्यंत घट्ट होईल.